लाल पाइपवाले तात्या

"हे कपाट कुणाच्या बापाचं हाय?"

तात्या माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. मी हाडांच्या वॉर्डची नवी इन्चार्ज सिस्टर, अंगावर कडक इस्त्रीची पांढरी साडी. आणि हा कोण कुठला माणूस, खाकी शर्टाच्या खिशाला पाना अडकवलेला, जिन्यापाशी उभा राहून माझ्या बापाचा उद्धार करतोय! मीही सांगवीची. ऐकून घेते होय? म्हटलं, "माझ्याच बापाचं हाय. काय म्हणणं हाय तुमचं?"

"काय न्हाय. बापाला सांगा, दुसरीकडं ठिवा." आणि चादरींनी भरलेलं ते लोखंडी कपाट त्यांनी एकट्यानं ढकलायला सुरुवात केली. फरशीवर असा काही किंचाळला तो पत्रा की वॉर्डातले पेशंट ओरडायला लागले. कपाटामागं भिंतीत एक लाल पेटी होती, आणि पेटीशेजारी वरून खालपर्यंत गेलेला मनगटापेक्षा जाड लाल पाइप. इतके दिवस मी तिथून जात-येत होते, पण देवाशप्पथ, मला तो दिसलाच नव्हता.

"दिसला का आता?" तात्या धापा टाकत म्हणाले. "परत कपाट हितं आलं तर जिन्यातनं खाली टाकीन. चादरींसकट."

टाकलंही असतं. पुढं ओळख वाढली तेव्हा कळलं, हा माणूस पोकळ धमकी देत नाही.

ते साल सांगत बसत नाही, पण नव्वदीच्या दशकातली गोष्ट. बारामतीत मजल्यावर मजले चढवलेली इस्पितळं तेव्हा नुकती व्हायला लागली होती. आमचं तळमजला आणि वर तीन मजले. पेशंटबरोबर खेड्यातनं चार माणसं जास्तीची यायची ती नुसती लिफ्टमध्ये बसायला. गच्चीवर उंच खांबांवर टाकी होती. त्या टाकीतून हा लाल पाइप जिन्याच्या कडेनं खाली उतरायचा. प्रत्येक मजल्यावर त्याला चाकाचा एक वॉल्व्ह, आणि शेजारच्या पेटीत गुंडाळलेला कापडी होज आणि पितळी नोझल. आग लागली की होज वॉल्व्हला जोडायचा, होजच्या तोंडाला नोझल लावायचं, चाक फिरवायचं. इतकी साधी गोष्ट. आणि एवढ्या गोष्टीपायी त्या माणसानं अख्ख्या इस्पितळाच्या नाकी नऊ आणले होते.

तात्या मूळचे इंदापूरचे. कुठल्याशा गिरणीत मेन्टेनन्सला होते, तिथून आमच्याकडं आले. पंखे, मोटारी, लिफ्ट, सगळंच त्यांच्याकडं होतं. पण पंखा बंद पडला म्हणून सांगायला गेलं तर म्हणायचे, "उकडून कुणी मेलं का आजवर?" आणि पाइपच्या वॉल्व्हमधून थेंब जरी गळाला तरी जेवणाचं ताट सोडून उठायचे. नमस्कार-चमत्कार काही नाही. समोर दिसलं की पहिला प्रश्न, "पेटीपुढं काय ठेवलं न्हाय न्हवं?" मी तर शेवटी शेवटी लांबूनच ओरडून सांगायची, "न्हाय ठेवलं, तात्या, न्हाय ठेवलं!"

दर आठवड्याला बाजारच्या दिवशी त्यांची फेरी असायची. एका हातात बादली, दुसऱ्या हातात ग्रीसचा डबा. आधी बोटातल्या अंगठीनं पाइप वाजवायचे आणि कान लावून ऐकायचे. मग वॉल्व्ह उघडून बादलीत पाणी घ्यायचं, त्याचा वास घ्यायचा, रंग बघायचा. गंज दिसला की चेहरा असा व्हायचा, जसं काही घरातलं माणूस आजारी पडलंय. चाक दोन बोटांनी फिरलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. "आग लागल्यावर अंगात हत्तीचं बळ येतं म्हणत्यात. काय येत न्हाय. हात थरथरत्यात नुसते. थरथरत्या हाताला फिरलं पायजे." होज महिन्याकाठी गच्चीवर पसरून वाळवायचे आणि उंदरानं कुरतडलाय का म्हणून वीत न् वीत चाचपायचे. एकदा रंगाऱ्यानं दिवाळीच्या रंगकामात वॉल्व्हवरही ब्रश फिरवला, चाकाचा दांडा रंगात चिकटून बसला. तात्यांनी त्या रंगाऱ्याला समोर बसवून, ब्लेडनं खरवडून, सगळा रंग काढायला लावला. संध्याकाळपर्यंत. बिचारा रडकुंडीला आला.

"पाइप दिसतो, सिस्टर. पाणी दिसत न्हाय," हे त्यांचं नेहमीचं. "म्हणून लोकान्ला वाटतं, पाइप हाय म्हंजे पाणी हाय."

आणि एकदा खरंच पाणी नव्हतं. तात्या शेतीच्या कामाला पंधरवडाभर इंदापूरला जाऊन आले. आल्या आल्या चहासुद्धा न घेता वर आले, बादली धरली, चाक फिरवलं. सुस्कारा सोडावा तसा नुसता वारा बाहेर आला. मी समोरच होते. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. तसेच गच्चीवर पळाले. प्लंबरनं टाकीचं काम करताना मुख्य वॉल्व्ह बंद करून पाइप रिकामा केलेला आणि वॉल्व्ह परत उघडायचं विसरलेला!

खाली ओपीडीला ही गर्दी. तात्या गेले ते सरळ मोठ्या डॉक्टरांच्या केबिनच्या दारात मांडी ठोकून बसले. मोठे डॉक्टर म्हणजे इस्पितळाचे मालक. "पहिलं मला सांगा," सगळ्या पेशंटांदेखत तात्या ओरडले, "ह्या पंधरा दिवसांत वर आग लागली असती, तर इझवायला काय सगळे मिळून मुतणार होता का?"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या. डॉक्टर लालबुंद झाले. माणूस भला, पण चारचौघांत असं कोण ऐकून घेईल? त्या दिवसापासून मुख्य वॉल्व्ह उघडा ठेवून त्याला साखळी-कुलूप पडलं, आणि तात्यांच्या नोकरीलाही घरघर लागली. "डोकं जरा फिरलेलं आहे, पण कामाचा आहे," असं आधी म्हणणारे डॉक्टर आता नुसतंच "डोकं फिरलेलं आहे" म्हणायला लागले.

ते असे का, याच्या कथा पुष्कळ. कुणी म्हणायचं, गिरणीत त्यांच्या डोळ्यांदेखत माणसं जळाली. कुणी म्हणायचं, त्यांचं पहिलं लेकरू चुलीवर भाजून गेलं. मी एकदा धीर करून विचारलं. तर माझ्याकडं असं बघितलं, जशी मीच वेडी. "काय झालेलं न्हाय. काय व्हायलाच पायजे का? झाल्यावरच शानं व्हायचं असा नेम हाय का?"

माझ्या नवऱ्याकडच्या पाहुण्यांचं एक लग्न होतं इंदापूरला. मांडवात गेले तर तात्या! ते नवरीकडचे पाहुणे निघाले. अक्षता वाटून झाल्या, मंगलाष्टकं सुरू होणार, आणि तात्या उठून मांडवाच्या मागच्या अंगाला गेले. तिथं आचाऱ्यानं भट्टी अगदी कापडाला लागून लावलेली, आणि मांडवाला बाहेर पडायची वाट एकच. तात्यांनी खिशातला चाकू काढून मागचं कापड टराटरा फाडलं. नवरीचा बाप धावून आला, मांडववाला धावून आला, शिव्यागाळ, रडारड. तात्यांची बायको कपाळाला हात लावून माझ्याशेजारी बसलेली. म्हणाली, "घरात मला चूल पेटवायची चोरी. एक बादली भरून शेजारी ठेवल्याबिगर काडी वढू देत न्हाय. आता लोकांच्या लग्नात बी सुरू." तात्यांनी कापडाचे दोन्ही पदर दोरीनं बांधून रीतसर दार केलं, आणि मग स्वतःच अक्षता टाकायला पुढं येऊन उभे राहिले. त्या मांडवात पुढं काहीही घडलं नाही. कापडाचे पैसे मात्र त्यांनी भरले म्हणे.

असला हा माणूस कुणाचंच ऐकायचा नाही, एक आक्का सोडल्या तर. आक्का म्हणजे मोठ्या डॉक्टरांच्या आई. धनगराचं घराणं त्यांचं. तरुणपणी नवऱ्यामागं मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडलेल्या, आता लेकाच्या इस्पितळात तळमजल्यावर खुर्ची टाकून बसायच्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "जेवलास का रं?" विचारायच्या. तात्या बारामतीत एकटे राहायचे, बायको इंदापूरला. त्यांना रोज आक्कांच्या घरची भाकरी. साऱ्या जगावर खेकसणारा हा माणूस आक्कांपुढं मान खाली घालून जेवायचा. "लेकरा, हळू खा," म्हणायच्या त्या. पन्नाशी उलटलेलं लेकरू!

आता ते नवरात्र. त्याच नवरात्रात माझे वडील माझ्याच वॉर्डात होते, म्हणून मला त्यातला एक एक क्षण आठवतो. आबा सांगवीला ट्रॅक्टरवरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. हाडांच्या वॉर्डात तेव्हा मांडी मोडली की पायाला दोरी बांधून वजन लटकवायचे आणि कॉटचे पायाकडचे खूर विटांवर चढवायचे. महिना-दीड महिना तसंच पडून राहायचं. वॉर्डात सगळी तशीच माणसं. उठता येत नाही, कॉटही हलवता येत नाही. आणि वॉर्डला दार एकच. दारातून बाहेर पडलं की बोळ, बोळात प्लास्टर रूम, ती ओलांडली की जिना आणि तात्यांचा पाइप.

"तुमच्या वॉर्डातलं एक बी माणूस पळणारं न्हाय, सिस्टर," तात्या म्हणायचे. "म्हंजे पाणीच पळत आलं पायजे." हाडांचा वॉर्ड खाली आणा म्हणून ते डॉक्टरांशी किती वेळा भांडले असतील, त्याला गणती नाही. पण खाली ओपीडी, खाली अपघात विभाग. जागा कुठली?

आबांचं आणि त्यांचं मेतकूट जमलं होतं. आबा मुद्दाम खिजवायचे, "तात्या, माझ्या वावरात असला पाइप टाकून द्या की. ऊस वाळतोय." तात्या गंभीरपणे म्हणायचे, "उसाला पळता येत न्हाय, खरं हाय तुमचं."

आमच्या इस्पितळात खंडेनवमी मोठी व्हायची. तळमजल्यावरच्या हॉलमध्ये देवीपुढं सगळ्या खात्यांची हत्यारं मांडायची. सुताराची करवत, ड्रायव्हरचे पाने, ऑपरेशनच्या कात्र्या, स्वयंपाकघरातले झारे. मधोमध आक्कांच्या नवऱ्याची लोकर कातरायची कात्री. ती आक्का स्वतः ठेवायच्या. एकदा बसवलेलं हत्यार दसऱ्याची पूजा होईपर्यंत उठवायचं नाही, हा आक्कांचा दंडक. ऑपरेशनची एक पेटी तेवढी वर थिएटरात बाजूला राहायची, अडल्यानडल्यासाठी.

पितळी नोझलं दरवर्षी मागितली जायची, कारण चिंचेनं घासली की सोन्यासारखी झळकतात. तात्या दरवर्षी नाही म्हणायचे. हळद-कुंकू घेऊन स्वतः मजल्यामजल्यावर जायचे आणि पेटी उघडून जागेवरच पूजा करायचे. त्या वर्षी डॉक्टर म्हणाले, "तात्या, सगळ्यांना एक नियम आणि तुम्हाला एक?"

"तुमची ऑपरेशनची पेटी बाजूला ठेवता न्हवं? मग माझी का न्हाय?"

"अहो, पेशंट कधीही येतो. आग काय रोज लागते का?"

"पेशंट निदान रिक्षातनं येतो. आग सांगून बी येत न्हाय."

डॉक्टर चिडले. "मग देवीलाच सांगा, की तुमच्यापेक्षा माझी नोझलं मोठी." मला वाटलं, आता तात्या राजीनामा तोंडावर फेकतात. पण तेवढ्यात आक्का खुर्चीवरून उठल्या. त्यांच्या जवळ आल्या, खांद्यावर हात ठेवला.

"लेकरा, इतकी वरसं तू माझ्या देवीपुढं रिकाम्या हातानं येतोस. माझं आता किती राह्यलंय? एकडाव तुझी हत्यारं बघू दे की तिच्यापुढं. माझ्यासाठी."

मी उभी होते तिथं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या माणसाला वाद न घालता ऐकून घेताना बघितलं. मग गेले, सगळ्या मजल्यांची नोझलं काढून आणली, स्वतः चिंच लावून घासली आणि देवीपुढं ओळीनं मांडली. आक्कांनी त्यांवर झेंडू वाहिले. "झालं समाधान?" म्हणाले, आणि तडक वर निघून आले.

आले ते आमच्या मजल्यावर, जिन्याच्या वरच्या पायरीवर बसले. जेवायला गेले नाहीत. आक्कांनी ताट पाठवलं, ते परत पाठवलं. सारखे उठून पेटी उघडायचे, आत बघायचे, बंद करायचे. मलाच घाबरल्यासारखं व्हायला लागलं. आबा कॉटवरून ओरडले, "तात्या, आज सुट्टी घ्या की! सगळ्या हत्याराला सुट्टी हाय."

दुपार झाली. खाली आरती चाललेली, स्टाफ आणि पेशंटांचे नातलग सगळे तिथंच, ढोल-ताशा वाजत होता. आमचा वॉर्डबॉय पोपट, चांगला चाळिशीचा बाप्या, देवभोळा. प्लास्टर कापायचं मशीन त्याचं लाडकं, पण टेबलाला बोल्टनं घट्ट केलेलं, खाली नेता येईना. म्हणून त्यानं प्लास्टर रूममध्येच त्या मशीनची पूजा मांडली. समईत तेल भरलं, वात लावली, आणि वाऱ्यानं दिवा शांत होऊ नये म्हणून खिडकी लावून, दार ओढून घेऊन खाली आरतीला गेला. त्या खोलीत काय होतं? कापसाची बंडलं, गॉजचे गठ्ठे, बँडेजं, खालपासून माळ्यावरपर्यंत रचलेली.

वास आधी तात्यांना आला. मी आबांना पाणी पाजत होते. दारात तात्या उभे, डोळे विस्फारलेले. "सिस्टर, प्लास्टर रूम पेटलीय! हे दार लावा, आत ऱ्हावा! चादरी भिजवून खालच्या फटीला दाबा! कुणी बी आलं तरी उघडू नका!"

मी बोळात डोकावले. प्लास्टर रूमच्या दाराच्या वरून काळा धूर लाटेनं बाहेर पडत होता, आणि जिना त्याच्या पलीकडं. दार लावलं. बादल्यांत चादरी बुचकळून फटीला दाबल्या. पेशंट ओरडायला लागले, लासुर्ण्याचा एक तरणा गडी पायाची दोरी ओढायला लागला. त्याच्या मी मुस्काटात मारली. काय करणार? हाड परत सरकलं असतं.

"पोरी," आबा म्हणाले. आवाज एकदम शांत. "तू चालती हायस. तोंडाला वलं फडकं बांध आन् पळ. अजून जाता येईल."

"गप बसा, आबा."

"घरी लेकरं हायती तुझी."

"गप बसा म्हणते ना! एक शब्द बोलायचा नाही!" मी ओरडले आणि माझं मलाच रडू फुटलं. ट्रॉलीवरची कात्री उचलली आणि आबांच्या पायाच्या दोरीपाशी नेली. दोरी कापायची आणि त्यांना ओढत न्यायचं? कुठं न्यायचं? आणि बाकीच्यांना कोण ओढणार? कात्री दोरीला लावून मी तशीच उभी राहिले. चादरींच्या वरून धूर आत यायला लागला होता. कोण खोकतंय, कोण देवाचा धावा करतंय, काही कळेना.

बाहेर काय चाललं होतं, ते मला मागनं पोपटानं सांगितलं. तात्यांनी जिन्यातून आरोळी मारली, "नोझल आणा!" ढोलाच्या आवाजात कुणाला ऐकूच गेलं नाही. दुसऱ्यांदा ओरडले तेव्हा पोपट अर्ध्या जिन्यात आला, धूर बघितला आणि उलटा खाली पळाला. देवीपुढं जाऊन उभा राहिला. समोर नोझलं, त्यांवर झेंडू, हळद-कुंकू. आणि त्याचा हात पुढं जाईना. म्हणाला, "सिस्टर, मला माहीत होतं वर काय पेटलंय ते, तरी हातच उचलंना माझा. बसवलेलं हत्यार हुतं." शेजारची माणसंही नुसती बघत उभी. कुणी म्हणालं, आधी देवीला कौल लावा.

तात्या थांबले नव्हते. होज जोडला, चाक फिरवलं. पाणी आलं, पण नोझल नसलं की होजमधून पाणी नुसतं भळाभळा पायापाशी पडतं, लांब जात नाही. जिथं पाणी पाहिजे तिथं माणसानंच न्यावं लागतं. तात्यांनी शर्ट भिजवून तोंडाला बांधला, होजचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि जमिनीवर पालथे पडून सरपटत बोळात शिरले. जळत्या दारापाशी. माझ्या वॉर्डाच्या आणि आगीच्या मध्ये.

आत आम्हाला काहीच दिसत नव्हतं. नुसता आवाज. लाकूड तडतडत होतं. कुणीतरी जनावरासारखं खोकत होतं. मग फळाफळा काहीतरी आमच्या दारावर आदळलं, आणि फटीतून, चादरींच्या खालून, धुराच्या जागी पाणी आत आलं. गार पाणी. माझ्या पायांपर्यंत आलं.

"आलं गं बाई, आलं!" मी ओरडले. कात्री हातातून खाली पडली. आबा उताणे पडल्या पडल्या हात जोडत होते.

पण माळ्यावरचा कापूस अजून पेटतच होता, आणि तिथपर्यंत नोझलशिवाय पाणी जाणार नव्हतं. खाली तेवढ्यात आक्का पुढं झाल्या. पोपट म्हणतो, त्यांनी देवीच्या पायावर डोकं ठेवलं, "आई, ह्याचं पाप माझ्या पदरात घाल," म्हणाल्या आणि झेंडू बाजूला सारून नोझल उचललं. पोपटाच्या हातात आदळलं. "पळ, मुडद्या!" आणि त्याच्यामागं स्वतः जिना चढायला लागल्या.

नोझल लागल्यावर पाणी सरळ माळ्यावर गेलं. नगरपालिकेचा बंब आला तोवर विझवायला फारसं राहिलं नव्हतं.

मी दार उघडलं तेव्हा तात्या बोळात भिंतीला टेकून बसले होते. अंग काळं, भुवया जळालेल्या, दोन्ही हातांची कातडी सोललेली. होज अजून मांडीवर. मला बघून पहिला शब्द, "सगळी हायती?"

"सगळी हायत, तात्या. सगळी."

"आबांचा पाय?"

"जिथल्या तिथं."

आक्का जिना चढून आल्या, त्यांना श्वास पुरेना. तात्यांपुढं बसल्या आणि त्यांचे ते हात बघून हंबरडा फोडला. "लेकरा, माझं चुकलं रं! मी मागितलं!"

"तुमचं काय चुकलं, आक्का?" तात्या म्हणाले. "मागणाऱ्याचं काय चुकत न्हाय. मी द्यायला नको होतं."

दसरा झाल्यावर डॉक्टरांनी हॉलमध्ये सत्कार ठेवला. शाल, नारळ, सगळा स्टाफ जमलेला. डॉक्टरांना बिचाऱ्यांना भाषणही धड करता आलं नाही. आता पेट्यांना कुणी हात लावणार नाही, जन्मभर इथंच राहा, म्हणाले. तात्या हातांना पट्ट्या बांधून उभे. शाल अंगावर पडली तशी त्यांनी ती काढून घडी केली आणि टेबलावर ठेवली.

"ज्याच्या ताब्यातली पेटी रिकामी होती, त्याचा सत्कार करताय तुमी," म्हणाले. "उद्यापासनं दुसरा माणूस बघा." आणि खरंच गेले. आक्का दारापर्यंत मागं गेल्या, मी गेले, पोपट तर पायाच पडला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आमच्या वॉर्डातली सगळी माणसं जिवंत आहेत आणि हा माणूस पेटी पेटी काय करतोय! तोंडावर म्हटलं तसं. ते म्हणाले, "सिस्टर, तुमाला माणसं दिसत्यात. मला पेटी दिसती." आणि एसटी स्टँडकडं चालायला लागले.

थंडी सरली. आबांचं हाड जुळलं, काठी घेऊन चालायला लागले, आणि एके दिवशी म्हणाले, "पोरी, इंदापूरला चल." एसटीनं गेलो. तात्या अंगणात बसले होते. हातांवरची नवी कातडी गुलाबी, बोटं पुरती मिटत नव्हती. वहिनींनी पाट मांडले. तात्या आमच्याकडं बघेचनात. आबांनी आभाराचा शब्द काढला तसे म्हणाले, "ते राहू द्या. पाय कसा हाय?"

"बघा की," म्हणून आबा अंगणात चालून दाखवायला लागले.

"काठी ठेवा." आबांनी काठी ठेवली. "त्या भिंतीपर्यंत जावा. हां. वळा. आता परत या." तात्या उकिडवे बसले, नजर आबांच्या गुडघ्यावर. "परत जावा." आबा परत गेले. "वजन द्या त्याच्यावर. भिऊ नका. परत." अशा किती फेऱ्या झाल्या, कोण मोजतंय. शेवटी आबा वैतागले, "अहो तात्या, माणूस हाय मी, तुमचा वॉल्व्ह न्हाय!"

वहिनी फस्सकन हसल्या. तात्या हसले नाहीत. तसेच पुढं सरकले आणि त्या न मिटणाऱ्या दोन्ही हातांनी त्यांनी आबांची मांडी धरली. मोडली होती तिथं, वरून खाली चाचपली. आणि मग तिथंच कपाळ टेकून तो माणूस लहान पोरासारखा रडायला लागला.

"पेटी रिकामी होती हो, आबा."

आबांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

"व्हय, रिकामी होती," म्हणाले. "पण तुमी होता की तितं."